गहाण घर आणि कर्ती मुले

मराठी गृहस्थाला ‘गहाण’ हा शब्द मोठ्याने उच्चारणे आवडत नाही. कर्ज काढले असे तो चारचौघांत सांगेल, बँकेचा हप्ता चालू आहे असेही सांगेल. परंतु राहते घर गहाण आहे असे म्हणण्याची वेळ आली की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. वस्तुतः ज्याला आज गृहकर्ज म्हणतात, ते घर गहाण ठेवूनच मिळालेले असते. घराचे मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत जाते व कर्ज फिटेपर्यंत तेथेच राहते. नोकरी चालू असते, पगार वेळेवर येत असतो, तोवर या गोष्टीची कोणाला आठवणही होत नाही. पगार थांबतो आणि हप्ता मात्र थांबत नाही, त्या दिवसापासून तो जुना शब्द पुन्हा घरात वावरू लागतो. सेवानिवृत्त आईबापांचे असे घर राखण्यासाठी मिळवत्या मुलांनी काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते कशा रीतीने करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या शब्दाचा धाक महाराष्ट्रात काही उगीच बसलेला नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख धान्यापेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे व गहाणखते बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. दंगा आसपासच्या गावांत पसरला, सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे तीनच वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला व तो आजही चालू आहे. त्या कायद्याचे साठावे कलम प्रत्येक कर्जदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गहाण म्हणजे विक्री नव्हे. देणे फेडले की आपली मालमत्ता मोकळी करून मागण्याचा गहाण ठेवणाराचा हक्क आहे, आणि गहाणखतात काहीही लिहिले तरी तो हक्क आधीच हिरावून घेता येत नाही. एकदा जे गहाण, ते नेहमी गहाणच, असे न्यायालये म्हणतात ते याच अर्थाने. घर तारण असते, पण मालक मालकच राहतो. मुलांच्या मदतीचा विचार करताना हे तत्त्व प्रथम मनाशी धरावयाचे आहे. कारण बँक ज्या मालकीला हात लावीत नाही, त्या मालकीला पुष्कळदा घरातीलच माणसे, चांगल्या हेतूने का होईना, हात घालतात.

विषय नीट ध्यानी यावा म्हणून सांगलीकडील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घराचे धनी साखर कारखान्यात कारकून होते. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. वय ६९. खाजगी नोकरी असल्यामुळे निवृत्तिवेतन असे नावालाच. या योजनेत किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये असावे, असे २०१४ साली ठरविण्यात आले, यावरूनच रकमांची कल्पना यावी. अप्पांना दरमहा अडीच हजार मिळतात, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या ठेवीवरील व्याज धरून घरात जेमतेम १४,००० रुपये येतात. थोरला मुलगा पुण्यास नोकरीला आहे. मुलगी कोल्हापुरास दिलेली, तेथेच शाळेत शिकवते. धाकटा आईबापांजवळ राहतो. त्याच्या संसारासाठी वरचा मजला चढविला, त्याचे गृहकर्ज अप्पांच्या व धाकट्याच्या जोडनावाने आहे. हप्ता धाकट्याच्या पगारातून जात असे. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा कारखाना बंद पडला. पुढे काम मिळाले ते पूर्वीच्या निम्म्या पगाराचे. कर्जाची १० लाख रुपये बाकी आहे, व्याज शेकडा ९, मुदत दहा वर्षे उरली आहे. हप्ता येतो १२,६६८ रुपये.

काही महिने अप्पांनी ठेव मोडून हप्ते भरले. मग दोन हप्ते चुकले. बँकेची दोन पत्रे आली ती त्यांनी जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सारून ठेवली. बायकोला बोलले नाहीत, मुलाला बोलले नाहीत. भाऊबीजेला मुलगी माहेरी आली व काही तिथी पाहावयाची म्हणून पंचांग काढू लागली, तेव्हा ती पत्रे तिच्या हाती पडली.

“अप्पा, हे केव्हा आलं?”

“तुला काय करायचंय? सणाला आलीस, सण कर. आता तू त्या घरची.”

“आणि हे घर गेलं तर पुढच्या भाऊबीजेला मी यायचं कुठं?”

अप्पांपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. आईने आतून आपल्या दोन पाटल्या आणून पुढ्यात ठेवल्या व म्हणाली, “या मोडा आणि एकदाचं मोकळं व्हा.” पाटल्या कोणी उचलल्या नाहीत, परंतु गोष्ट उघड्यावर आली. घर राखण्याची पहिली पायरी म्हणतात ती हीच. सेवानिवृत्त माणसाला कर्जाची जितकी लाज वाटते तितकी कर्जाची भीती वाटत नाही, आणि या लाजेपायी जो काळ फुकट जातो त्याची किंमत पुढे व्याजासह द्यावी लागते.

ही किंमत कशी वाढत जाते, ते कायद्याच्या क्रमावरून दिसेल. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. त्यानंतर ‘सरफेसी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ सालच्या कायद्याप्रमाणे कर्जदाराला ६० दिवसांची मागणीची नोटीस देता येते. त्या मुदतीत देणे न फेडल्यास, दिवाणी दावा न लावताच, बँकेला घराचा ताबा घेण्याची व लिलावाची कारवाई करता येते. नागरी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. त्यामुळे आपली बँक गावातलीच, ओळखीची आहे, या भरवशावर कोणी राहू नये. कर्जदारही अगदीच निराधार नसतो. मागणीच्या नोटिशीवर त्याला आपले म्हणणे लेखी मांडता येते, व ते बँकेला मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणे देऊन तसे कळविणे बँकेवर बंधनकारक आहे. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुंबई, पुणे व नागपूर येथे अशी न्यायाधिकरणे आहेत. सर्व देणे खर्चासह भरून घर सोडवून घेण्याचा मार्गही असतो, परंतु २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच मोकळा असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुसरा हप्ता चुकल्यावर मुलांना कळले, तर प्रश्न पंचवीस हजारांचा असतो. मागणीची नोटीस आल्यावर कळले, तर बँक साऱ्या कर्जाची मागणी एकदम करू शकते व प्रश्न दहा लाखांचा होतो. लिलावाच्या जाहिरातीनंतर कळले, तर प्रश्न बहुधा पैशाने सुटण्यापलीकडे गेलेला असतो. म्हणून आईबापांनी लपवू नये हे तर खरेच. पण मुलांनीही विचारण्याचा संकोच धरू नये. परगावी राहणारा मुलगा दूरध्वनीवरून औषधाची चौकशी करतो, जेवणाची करतो. हप्ता कोठून भरता, हेही त्याच सुरात विचारता आले पाहिजे.

आता पुढचा प्रसंग. भावाबहिणींचे बोलणे झाले. थोरला भला माणूस, तो लगेच म्हणाला, “सगळं कर्ज मी फेडतो. मात्र घर माझ्या नावावर करून द्या.” यात त्याचा लोभ नव्हता. पुण्यात त्याच्या स्वतःच्या बिऱ्हाडाचा हप्ता चालू आहे, दोन मुलांची शिक्षणे आहेत, आणि त्याच्या पत्नीने विचारले होते की, एवढी रक्कम जाणार, तर उद्या तिचा हिशोब कोण देणार? प्रश्न रास्त होता. तरीही त्या दिवसापासून अप्पा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. बँकेच्या पत्रांनी जे झाले नव्हते ते मुलाच्या एका वाक्याने झाले. बँकेने फक्त पैसे मागितले होते. मुलाने नाव मागितले.

बहुतेक घरांतील दुःखाचे मूळ येथेच असते. सावकाराच्या हातून सुटलेले घर भावाभावांच्या तंट्यात सापडते, आणि ज्या वृद्धांसाठी हा सारा खटाटोप केला, ते आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहू लागतात. आपण राहतो ते घर आपले आहे, या जाणिवेवरच त्या वयातला ताठ कणा टिकून असतो. घर गहाणातून सोडवावे, पण ते सोडविताना आईबापांना गहाण टाकू नये. हे सूत्र एकदा मान्य केले की व्यवहाराच्या बाकीच्या गोष्टी सुलभ होतात.

घर मुलांच्या नावे करून देण्याचा मार्ग कायद्याने सोपा आहे, म्हणूनच तो जपून वापरावा. महाराष्ट्रात राहते घर मुलगा, मुलगी किंवा नातवंडे यांना बक्षीस द्यावयाचे असल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये ठेवलेले आहे. इतर आकार वेगळे. घर गहाण असेल तर बँकेची संमती घेणे ओघानेच आले. परंतु एकदा नोंदलेले बक्षीसपत्र सहजासहजी फिरविता येत नाही. २००७ साली झालेल्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या कायद्याने वृद्धांना एक आधार दिला आहे. आपला सांभाळ करावा या अटीवर मालमत्ता दिली व घेणाराने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मात्र अशी अट होती हे दिसून आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. म्हणून ज्यांना काही कारणाने घर हयातीतच मुलांच्या नावे करावयाचे असेल, त्यांनी सांभाळाची अट व दोघांच्याही हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क लेखात स्पष्ट शब्दांत घालावा. “मुलापाशी असल्या अटी काय घालायच्या?” असे म्हणणारे बाप पुष्कळ आहेत, न्यायाधिकरणापुढे नंतर उभे राहतात तेही बहुधा तेच असतात.

सांगलीच्या त्या घरात तोड निघाली ती मुलीच्या सूचनेवरून. तिने एक शंभर पानी वही आणली व तिघा भावंडांनी आपापली ताकद त्यात लिहिली. हप्त्यापैकी थोरल्याने ६,००० द्यावे, मुलीने ३,०००, धाकट्याने ३,६६८. थकलेल्या दोन हप्त्यांचे २५,३३६ रुपये थोरल्याने त्याच आठवड्यात भरले व खाते रुळावर आले. शिवाय थोरल्याने साठवलेले दीड लाख व मुलीने पन्नास हजार असे दोन लाख मुद्दलात जमा केले. या एकरकमी भरण्याचा परिणाम किती मोठा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हप्ता तेवढाच ठेवून दोन लाख आधी भरले की १२० महिन्यांचे कर्ज सुमारे ८६ महिन्यांत फिटते. जवळजवळ तीन वर्षे वाचतात आणि व्याजाचे सुमारे २ लाख ३२ हजार रुपये वाचतात. म्हणजे दोन लाखांनी स्वतःहूनही अधिक कमाई करून दिली. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरणा केल्याबद्दल बँकेने दंड घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. व्याजदर वाढला असता बँका पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवितात. अशा वेळी हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सांगितले आहे. मुलांपैकी एकाने वर्षातून एकदा बँकेत जाऊन खात्याचा उतारा घ्यावा व हे सारे पडताळावे. ही मदत पैशांइतकीच मोलाची आहे, आणि ज्याच्याजवळ पैसे कमी आहेत त्यालाही ती करता येते.

आईच्या पाटल्या मोडल्या नाहीत, आणि अप्पांची उरलेली ठेवही मोडली नाही. हा निर्णय भावनेचा वाटला तरी तो हिशोबाचा आहे. आजारपण सांगून येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ स्वतःच्या हाताने काढता येतील असे चार पैसे नसले, तर सोडविलेले घरही त्याला ओझे होते. वरच्या मजल्यावरील एक खोली मात्र भाड्याने दिली. मिरजेस शिकणारी मुले त्या बाजूला बिऱ्हाडे शोधीत असतात. ते भाडे हप्त्यात न घालता घरखर्चासाठी आईच्या हाती ठेवण्याचे ठरले.

आता वहीविषयी. कोणी किती व केव्हा दिले, हे तीत तारीखवार लिहिले जाते, आणि प्रत्येक रकमेपुढे ती भेट की उसनवार हेही लिहिले जाते. दरमहाचे पैसे तिघांनी भेट म्हणून दिले. त्यांचा हिशोब कधीही मागावयाचा नाही. एकरकमी दिलेले दोन लाख बिनव्याजी उसनवार म्हणून लिहिले. थोरल्याच्या पत्नीने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर मिळाले, आणि तेही घराचे नाव न बदलता. पैसे रोखीने न देता बँकेमार्फतच द्यावेत, म्हणजे पुढे शंकेला जागा राहत नाही. मुलांनी आईबापांना भेट दिलेल्या रकमेवर आईबापांना आयकर द्यावा लागत नाही, हेही ध्यानात असावे. आणि ज्याचे नाव घराच्या मालकीत नाही त्याला, हप्ता भरला एवढ्यावरून, गृहकर्जाच्या व्याजाबद्दल आयकरात सवलत मागता येत नाही. सवलतीच्या मोहाने नावे फिरविण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकण्यापूर्वी चार वेळा विचार करावा.

मुलीचा वाटा घ्यावा की न घ्यावा, यावर अप्पांची समजूत पडावयास वेळ लागला. “मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा वळणात आम्ही वाढलो,” असे ते म्हणत. परंतु काळाने ती रीत मागे टाकली आहे, आणि कायद्यानेही. विवाहित मुलीवरही बापाच्या पोषणाची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात ठरविले. २००७ च्या कायद्यातही अपत्य या शब्दात मुलगा व मुलगी दोघेही येतात. दुसऱ्या बाजूने पाहता, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आहे. जिला हक्कात बरोबरीने बसविले, तिला कर्तव्याच्या वेळी ‘तू परकी’ म्हणून उठविणे शोभत नाही. सांगलीचे घर अप्पांनी स्वतःच्या मिळकतीतून बांधलेले असल्याने ते कोणाला द्यावे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार आहे. पण ज्या मुलीने पंचांगातली पत्रे शोधून काढली, तिला त्या वहीत जागा नसती तर वही अपुरीच राहिली असती.

मृत्युपत्र करणे हा या साऱ्या व्यवहाराचा शेवटचा, पण आवश्यक भाग. मृत्युपत्रासाठी दोन साक्षीदार लागतात; नोंदणी सक्तीची नाही, तरी ती केलेली बरी. अप्पांनी लिहिले ते असे, की आपल्यामागे घर पत्नीचे असावे व तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. तिच्यामागे उसनवारीची रक्कम ज्याची त्याला परत देऊन उरलेले तिघांनी सारखे वाटून घ्यावे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि तोवर घर लिहिणाराच्याच मालकीचे राहते. वृद्धांच्या दृष्टीने बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र बरे म्हणतात ते एवढ्यासाठीच.

प्रत्येक घराला अशी तीन मिळवती माणसे असतीलच असे नाही. जेथे एकुलता एक मुलगा आहे व त्याची मिळकत बेताची आहे, तेथे दुसरे मार्ग पाहावे लागतात. बँकेला विनंती करून मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. अशा वेळी मुलाला सहकर्जदार करण्यास बँक सुचविते. ते करण्यास हरकत नाही, परंतु सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. बाप भरू शकला नाही तर सारे देणे मुलावर येते, हे सून व मुलगा दोघांनीही समजून उमजून मान्य करावे. बापाचे घर वाचविण्यासाठी मुलाने स्वतःचे राहते घर गहाण टाकणे हा मात्र शहाणपणाचा मार्ग नव्हे. त्यात एका छपराऐवजी दोन छपरे धोक्यात येतात.

दुसरा मार्ग उलट गहाणाचा. २००७ साली राष्ट्रीय आवास बँकेने याची रूपरेषा घालून दिली. साठ वर्षांवरील घरमालकाला आपले राहते घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घेता येते, आणि त्याच घरावरील जुने कर्ज फेडण्यासाठीही ती वापरता येते. पती-पत्नी त्या घरात राहत असेतो परतफेड करावी लागत नाही. त्यांच्यामागे वारसांनी व्याजासह रक्कम भरून घर घ्यावे, अथवा बँकेने ते विकून आपले देणे वसूल करावे व उरलेले वारसांना द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडे हा मार्ग फारसा रुळला नाही. घर मुलांसाठी मागे ठेवावयाचे, ही आईबापांची इच्छा हे त्याचे मोठे कारण होय. अशा वेळी मुलांनीच पुढे होऊन, “आम्हांला घर नको, तुम्ही सुखाने राहा,” असे म्हटले, तर ती मदत कित्येक लाखांची होते व तिला खिशातून एक पैसाही लागत नाही.

तिसरा मार्ग घर विकण्याचा. तो सांगताना जड वाटते, परंतु न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हप्ता घरच्या साऱ्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक आहे, मुलांची ओढाताण होत आहे, वरचे जिने चढवत नाहीत, अशी स्थिती असेल, तर बँकेने लिलाव करण्याआधी आपणच चांगल्या भावाने घर विकून, देणे फेडून, लहानशा जागेत निर्वेध राहणे यात कमीपणा नाही. मात्र हा निर्णय आईबापांनी घ्यावा. मुलांनी आकडे पुढे ठेवावेत व मग गप्प बसावे. नवी जागा आईबापांच्याच नावावर घ्यावी, हे निराळे सांगावयास नको.

उलट, आईबापांनीही एक गोष्ट मनाशी धरावी. मुलगा हप्ता भरतो म्हणून त्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. पण तो भरतो ते त्याचे कर्तव्यच आहे, असे म्हणून त्याच्या संसाराच्या ओढाताणीकडे डोळेझाक करणेही बरे नव्हे. सुनेने विचारलेल्या हिशोबाला अपमान समजू नये. हिशोब स्पष्ट असला की आदर टिकतो, आणि आदर टिकला की मदतही टिकते. पहिल्या वर्षाच्या उत्साहात मदत करणे अवघड नाही. पाचव्या वर्षी, सहाव्या वर्षी, प्रत्येकाच्या घरात नवे खर्च उभे राहिले असतानाही ती चालू राहिली पाहिजे, आणि त्यासाठी भावनेइतकीच त्या वहीचीही गरज असते.

कर्जाचा शेवटचा हप्ता भरल्यावरही एक काम उरते. पुष्कळ लोक हप्ता संपला की समाधानाने घरी बसतात व मूळ कागद वर्षानुवर्षे बँकेतच पडून राहतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत द्यावीत व गहाणाची नोंद उठवावी, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्यावा. बोजा कागदावर राहिला तर तो वारसांच्या डोक्यावर राहतो.

सांगलीच्या त्या घराचे अजून बरेच हप्ते बाकी आहेत. वही पंचांगाशेजारीच ठेवलेली असते. दर महिन्याच्या पाच तारखेला अप्पा चष्मा लावून तीत नोंद करतात व बेरीज दोनदा तपासतात. ज्या दिवशी शेवटची नोंद होईल, त्या दिवशी तिन्ही मुलांनी एक करावे. बँकेतून खरेदीखत आणावयास अप्पांना बरोबर न्यावे, सही त्यांनाच करू द्यावी, आणि कागद त्यांच्याच हाती राहू द्यावेत. ज्याचे घर त्याच्या हाती परत आले, एवढ्याचसाठी हे सारे केले होते.